रेसिडेन्सीतला दुसरा पलंग

मी पहिल्यांदा देश सोडला तेव्हा आई मला नागपूरच्या विमानतळावर सोडायला आली होती, आणि तिच्या हातात भिवापुरी तिखटाची पुडी होती. सकाळचे नऊ वाजले होते. तिखट वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ आणि गाठीवर पुन्हा दोरा. "तिथल्या लोकाईले देजो," ती म्हणाली, "पण थोडं देजो. मरतीन ते." मग दारावरच्या जवानाकडे एकदा बघून तिनं आवाज खाली घेतला आणि आठवडाभर पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. "तिथं माय-गियले नेतेत का वं?"

मी म्हटलं, "नाही आई. तसा नियम नाही."

नियम होता. अर्जात चक्क रकाना होता: सोबत घरचं कुणी येणार आहे का? हो, नाही. मी 'नाही'वर खूण केली होती, आणि करताना फार विचारही केला नव्हता. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, तेही आई हे वाचणार हे माहीत असून. ती सगळं वाचते.

आधी रेसिडेन्सी म्हणजे काय ते सांगते, कारण या शब्दानं आमच्या गल्लीत फार घोळ घातला. नागपुरात दर दुसऱ्या अपार्टमेंटचं नाव कुठली तरी रेसिडेन्सी असतं. त्यामुळे "माह्या पोरीले जर्मनीत रेसिडेन्सी भेटली" असं आईनं सांगितल्यावर शेजारच्या काकूंनी सरळ विचारलं, किती खोल्यांची? आमच्या इंदोरा वस्तीत चार दिवस मी फ्लॅटमालकीण होते. शेवटी मी आईला बसवून समजावलं, की काही संस्था लेखकांना, चित्रकारांना दोन-तीन महिने राहायला बोलावतात. खोली देतात, काम करायला स्टुडिओ देतात, जेवण देतात. आपण फक्त आपलं काम करायचं, बाकी कुणी काही विचारत नाही.

आईनं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे माहेर म्हण ना," ती म्हणाली.

मी खूप हसले. पुढे ही गोष्ट मी कितीतरी देशांच्या चित्रकारांना सांगितली, आणि सगळे खूश व्हायचे. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगायची नाही. त्या दिवशी आई पुढे म्हणाली होती, "मले तं माहेर राहिलंच नाही. भिवापुरात आता कोण आहे?" तिचे आईवडील गेले होते, दोन्ही भाऊ गाव सोडून गेले होते. बाबा मी कॉलेजात असतानाच गेले. मी एकुलती एक. म्हणजे विमानतळावर आईनं मला जर्मनी मागितलीच नव्हती. दोन-तीन महिने आयतं जेवण मागितलं होतं, जन्मात एकदा.

आता मी 'नाही' का लिहिलं, ते. इथे माझी मलाच चीड येते.

आई लग्नाआधी आणि नंतरही भिवापूरला मिरचीच्या सातऱ्यावर जायची. सातरा म्हणजे वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडायची जागा. पन्नास-साठ बायका दिवसभर ढिगाऱ्याभोवती बसून खुडत राहतात. संध्याकाळी घरी आली की ती तासभर मला जवळ घ्यायची नाही, हात जळजळायचे म्हणून. नागपूरला आल्यावर ती शाळेत खिचडी शिजवू लागली, सातरा सुटला, पण ते हात माझ्या डोक्यातून गेले नाहीत. मी तेच काढत राहिले. कोळशानं, शाईनं, पुढे तिखट पाण्यात कालवूनसुद्धा. माझं जे काही नाव झालं ते त्या हातांवर झालं.

पण नुसती चित्रं चालत नाहीत. रेसिडेन्सीच्या अर्जात एक 'स्टेटमेंट' लागतं. तुम्ही कोण, कुठून आलात, काय करता. मी तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा नकार आला. तेव्हा पुण्यातली माझ्याआधी जाऊन आलेली एक मैत्रीण म्हणाली, तुझ्या स्टेटमेंटमध्ये जीव नाही, आईबद्दल लिही. मी लिहिलं. लिहिता लिहिता एक वाक्य असं उतरलं: माझ्या आईनं कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही, तिचे हात हीच तिची भाषा. वाक्य फार छान वाटलं. मी ते तसंच ठेवलं, आणि चौथ्या वेळी माझी निवड झाली.

आई सातवी पास आहे. आजोबांनी छप्पन साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पायी भिवापूरला परत गेले, आणि पुढे घरातल्या एकाही पोरीला त्यांनी शाळेवाचून ठेवलं नाही. आठवीची शाळा दूर होती म्हणून आई सातवीवर थांबली. तिचं सातवीचं प्रमाणपत्र आमच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या चौकटीत आहे, बाबांच्या फोटोच्या वर. किराणा ज्या कागदात बांधून यायचा तो कागदही ती वाचून मगच फेकायची. माझ्या शाळेचा अर्ज असो, रेशनचा असो, भरणाऱ्याच्या डोक्याशी उभी राहून ती सांगायची, "सातवी पास लिहिजो." गुरुजी म्हणायचे, मावशी, याच्यात ते लागत नाही. "लागत नसन तरी लिहिजो."

ही बाई तिथे आली असती, जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून पेपर उघडून बसली असती, तर माझं छान वाक्य कुठे गेलं असतं? म्हणून मी 'नाही' लिहिलं. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडत नाही.

ती रेसिडेन्सी म्हणजे एका खेड्यातली जुनी पिठाची गिरणी होती. खाली स्टुडिओ, वर खोल्या. माझ्या खोलीत दोन पलंग होते. दुसऱ्या पलंगावर पांढरी चादर, उशी, घडी घातलेला टॉवेल, सगळं तयार. पहिले आठ दिवस मी तिकडे पाठ करून झोपले. मग मी त्याच्यावर ओली चित्रं वाळत घालायला लागले. आईचे हात, आईच्या पलंगावर. त्यातली बरीच विकली गेली.

मी तिकडे असताना आईनं फोनवर सांगितलं, "मी पासपोर्ट काढला." एकटी गेली होती, दोन चकरा मारून. चौकशीला घरी आलेल्या पोलिसानं विचारलं, मावशी, कुठं चालल्या? तिनं सांगितलं, "पोरीच्या रेसिडेन्सीले." तो बिचारा फ्लॅट समजून निघून गेला असणार. "मंग, नियम बदलला का?" आईनं हसत विचारलं. मी म्हटलं, अजून नाही.

पुढच्या वर्षी गिरणीनं मला पुन्हा बोलावलं. पत्रात आपुलकीनं विचारलं होतं, या वेळी कुणाला आणणार का? आता तर पासपोर्ट नाही ही पळवाटही उरली नव्हती. मी पुन्हा नाही कळवलं. खरं सांगायचं तर पहिल्या खोटेपणापेक्षा हा दुसरा जास्त सोपा गेला.

त्या खेपेला शेजारच्या खोलीत इवाना म्हणून मातीची भांडी करणारी एक बाई होती, क्रोएशियाची. ती स्वतःच्या आईला घेऊन आली होती. म्हातारीला इंग्रजी येत नव्हतं, जर्मन येत नव्हतं, आणि पंधरा दिवसांत सगळी गिरणी तिची झाली. स्वयंपाकघरात बसून ती काही ना काही निवडत असायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात कप द्यायची. मीही बसायची तिच्याजवळ. बरं वाटायचं. लाज वाटायला हवी होती, पण त्या वेळी नुसतं बरं वाटायचं.

नंतर एकातून दुसरी रेसिडेन्सी मिळत गेली आणि मी जर्मनीतच, लायप्झिगला राहिले ती राहिलेच. मुलांना चित्रकला शिकवते, एका छापखान्यात ठसे काढते, वेळेवर कचरा वेगळा करते. घरून निघताना मी लहानपणापासून "येतो आई" म्हणायची, आमच्याकडे बायकाही तसंच म्हणतात. पुण्यात शिकायला गेले तेव्हा त्याचं "येते" झालं. आता फोन ठेवताना निरोपाचं जर्मन "च्युस" निघतं तोंडातून आणि आई पलीकडून म्हणते, "हो, चूस." मध्ये कधीतरी तिनं नियमाबद्दल विचारणं बंद केलं. मी मनात म्हटलं, बरं झालं, गुडघे दुखायला लागलेत, त्यात विसरली असेल. तुमच्यापैकी जे बाहेर आहेत त्यांना हे 'बरं झालं' माहीत असेल.

या हिवाळ्यात नागपूरला निघायच्या आधी एका नव्या अर्जासाठी मी जुन्या कामाचे फोटो शोधत होते. गिरणीचं एक पान आहे मोबाइलवर, त्यात मागे मागे गेले. एक फोटो लागला. स्वयंपाकघर, खिडकीतलं ऊन, इवानाची आई शेंगा सोलते आहे, आणि तिच्या खांद्याला टेकून मी बसले आहे, हातात कप, तोंड भरून हसते आहे. फोटोखाली लिहिलं होतं, आमच्या कलाकाराची आई, आमच्याकडे तीन महिने. भाषांतराचं बटण दाबलं की मराठीत दिसतं. त्याच्याखाली पाच-सहा अंगठे होते. त्यातला एक आईचा होता.

मी तारखा ताडून पाहिल्या. त्या फोटोनंतर तिनं मला एकदाही विचारलेलं नाही.

नागपूरला पोचले तर आईनं स्वतःचा पलंग मला दिला होता. नवी चादर, घडी घातलेला टॉवेल. "कधीपर्यंत आहेस?" तिनं विचारलं, आणि मला गिरणीच्या व्यवस्थापक बाईची आठवण झाली. तीही पहिल्या दिवशी हेच विचारायची. अर्जात 'कायमचा पत्ता' म्हणून मी आजही इंदोऱ्याचाच पत्ता लिहिते. त्या पत्त्यावर मी वर्षाकाठी पंधरा दिवस असते आणि आयतं खाते. माझं माहेर शाबूत आहे, तेवढं मी नीट सांभाळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई अंगणात वर्षाच्या मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. "आई, गिरणीत माय नेता येत होती. मीच नाही लिहिलं. दोन्ही वेळा."

ती खुडत राहिली. "माहीत आहे मले."

"मंग काहून नाही बोलली?" माझी भाषा आपोआप खाली उतरली.

"तू बोलली असती तं मी बोलली असती." दोन-चार देठ आणखी पडले. "ते म्हातारी काय सोलून राहिली होती?"

"मटार."

"एवढाले?" ती म्हणाली. "त्याईची माती चांगली असन."

मी आत जाऊन लॅपटॉप आणला. नवी रेसिडेन्सी समुद्राकाठी होती आणि सोबतच्या माणसाचा रकाना तिथेही होता. आईचा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतो, एकाही पानावर शिक्का नाही. मी म्हटलं, चलशील का? ती म्हणाली, "गुडघे पाहून घे माहे. पायऱ्या असतीन तं सांग." मी 'हो'वर खूण केली आणि नाव, वय, नातं भरू लागले. ती उठून माझ्या डोक्याशी येऊन उभी राहिली.

"सातवी पास लिहिजो."

"याच्यात शिक्षणाचा रकाना नाही, आई."

"नसन तरी लिहिजो."

खाली 'आणखी काही सांगायचे असल्यास' असा मोकळा चौकोन होता. मी इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली. काय लिहिलं, तिनं विचारलं. मी मराठीत वाचून दाखवलं: माझी आई सातवी पास आहे. आधीच्या अर्जांमध्ये मी याबद्दल खोटं लिहिलं होतं.

"आधी काय लिहिलं होतं?"

मी सांगितलं. तिच्याकडे बघून सांगायचं होतं, पण स्क्रीनकडे बघून सांगितलं. ती घरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ सुरू राहिला. मला वाटलं आता ती जेवायलाच बाहेर येईल, आणि येईल तेव्हाही बोलणार नाही. मी तिथेच मिरच्यांजवळ बसून राहिले.

ती आली तेव्हा तिच्या हातात भिंतीवरचं प्रमाणपत्र होतं, चौकटीसकट. हात साबणानं धुतलेले होते, तरी लाल होते.

"याचा फोटो काढ. संग जोडजो."

काचेवर ऊन चमकत होतं, म्हणून ती दोन पावलं मागे सावलीत सरकली आणि चौकट छातीशी धरून उभी राहिली. मी मोबाइल वर धरला. तिच्या हातांची मी शेकडो चित्रं काढली असतील. त्या हातांत हा कागद मी एकदाही काढला नव्हता.