नळीत अडकलेली गोळी

आमच्या घरात बंदूक आली ती पिकासाठी. शिरपूरपासून थोडं आत आमचं शेत आहे आणि शेताला लागून जंगलाचा पट्टा. सोयाबीन शेंगांवर आलं की रानडुकरं उतरतात, तुरीत रोही, म्हणजे नीलगाई, शिरतात. नवऱ्यानं पीक राखायचा परवाना काढला आणि भरमार घेतली. भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू टाकायची, मग गोळी, ती लोखंडी गजानं पार खालपर्यंत ठासायची आणि मागे ठिणगी पाडणारी टोपी लावून, घोडा ताणून चाप ओढायचा. मला तिची पहिल्या दिवसापासून धास्ती होती. माझं माहेर किराणा दुकानदारांचं. तराजूच्या मापांपेक्षा जड लोखंड मी कधी घरात पाहिलं नव्हतं.

आधी ते विकतच्या गोळ्या वापरायचे. मग स्वतःच ओतायला लागले. पंक्चरवाल्याकडून शिशाचे जुने तुकडे आणायचे आणि अंगणातल्या चुलीवर वितळवायचे. मी दोरीवरचे कपडे काढून आत जायची. त्या गोळ्या किंचित मोठ्या आणि मऊ होत्या. प्रत्येक बारासोबत थोडं शिसं नळीच्या आत घासून चिकटत होतं, कढईला खरपूड धरते तसं. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा ते एवढंच म्हणायचे, "गज जरा जड जाऊन राह्यला."

तूर फुलावर होती. दुपारी मी चहा घेऊन शेतात गेले तर हे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलेले, बंदूक मांडीवर, आणि गज नळीतून नेहमीपेक्षा किती तरी जास्त बाहेर. बाजूला एक दगड. त्या दगडानं गज ठोकत होते हे मी न विचारता ओळखलं.

"गोळी अर्ध्यातच अडकली," ते म्हणाले.

"अन् दारू?"

"दारू खाली हाय. गोळी वर. आता टोपी लावतो अन् उडवून टाकतो. दारूच ढकलन तिले बाहेर."

मला बंदुकीतलं काही कळत नाही, पण कुकर कळतो. मी किटली खाली ठेवली आणि त्यांचा हात धरला. "शिटीची वाट बंद झाली तं कुकरचं काय होते? तुमच्या तोंडाजवळ फुटन ते."

"तुले काय समजते त्यातलं?"

"नसन समजत. पण मंग टोपी अजून खिशातच काहून हाय?"

त्यांनी गज सोडला. खिशातली टोप्यांची डबी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. त्यांनाही भीती वाटते आहे हे मी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यानं मला धीर आला नाही. डबी मी पदराच्या गाठीत बांधली.

रिसोडला बंदुका दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. दुकान पुढे, घर मागे. मोटारसायकलवर मी मागे बसले, बंदूक गोधडीत गुंडाळून उभी धरली, तोंड आभाळाकडे. रस्त्यात खड्डा आला की मी मान वळवायची आणि डोळे मिटायची. टोपी लावलेली नव्हती, घोडा पडला तरी काही होणार नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. समोरून शाळेतल्या पोरींच्या सायकलींची रांग आली तेव्हा मात्र मी म्हटलं, "थांबा." त्या पार पुढे जाईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो.

मिस्त्रींनी गोधडी उघडली, गज पाहिला आणि बंदूक हळूच खाली ठेवली.

"भरेल हाय?"

"हो."

"अन् गाडीवर घेऊन आले? फोन करायचा भाऊ, मीच आलो असतो." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, तुमी आत जा."

आत त्यांच्या बायकोनं मला चटईवर बसवलं. त्या कांदा चिरत होत्या. बाहेरून आवाज आला की सुरी थांबायची. मागच्या छिद्रातून आधी तेल आणि पाणी सोडून दारू भिजवतात, असं त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. "दारू भिजली की मंग डर नाही."

"मंग तुमी काहून थांबता?"

"आदत," त्या म्हणाल्या. "लगन झालं तवापासून." आणि त्यांनी माझ्याकडे अर्धे कांदे सरकवले. आम्ही दोघी चिरत बसलो. बाहेर आवाज झाला की आता माझीही सुरी थांबायची.

शेवटी मिस्त्रींनी हाक मारली. गोळी निघाली होती. त्यांनी नळीचं मागचं बूच काढून ती उजेडाकडे धरली, मला आत बघायला लावलं. मध्यावर करड्या रंगाचा खवल्यांचा थर होता, आणि तिथे वाट अरुंद झाली होती.

"हे शिसं. एक बार अजून टाकला असता तं नळी फाटली असती," ते नवऱ्याला म्हणाले.

नवरा भिंतीला टेकून बसला. पाणी मागितलं.

नळी घासून साफ झाल्यावर मिस्त्री बंदूक घेऊन स्वतः आमच्या शेतात आले. बंदूक बाभळीच्या खोडाला बांधली, चापाला लांब दोरी लावली आणि आम्हाला बांधाआड निजवलं. पहिल्यांदा नुसती थोडी दारू. मग तेवढ्याच दारूवर, तेलकट चिंधीत गुंडाळलेली बारकी गोळी. चिंधीमुळे शिसं नळीला घासत नाही म्हणाले. दर बारानंतर जाऊन नळी पाहायचे, परत यायचे, चिमूटभर दारू वाढवायचे. प्रत्येक वेळी दोरी ताणली की मी मातीत तोंड घालायची. गोळीच्या तिसऱ्या बाराला मिस्त्री म्हणाले, "बस. याच्या वर जायचं नाही. रानडुकराले एवढं पुरते." हे बंदूक सोडायला उठले तसा मी यांचा सदरा ओढला. धूर विरेपर्यंत यांना उठू दिलं नाही.

गोळ्या ओतायचं भांडं यांनी भंगारात दिलं. आता बरेचदा ते गोळी भरतच नाहीत, नुसता बार काढतात. आवाजानंच डुकरं पळतात. माझी भीती काही गेली नाही. जाताना मिस्त्रींनी गजावर एक खूण कोरून दिली होती. नळी रिकामी असली की ती खूण बरोबर तोंडाशी येते. हे शेतातून आले की बंदूक खुंटीला लावायच्या आधी मीच गज टाकून बघते. तोवर हे बंदूक धरून उभे राहतात.