लाल झेंडीवाले मामा

आमचे मामा पुस्तकांची बांधणी करतात. अंगठ्याला कायम खळ चिकटलेली आणि डोक्यात कायम रग्बी. आमच्या अख्ख्या खानदानात रग्बी कशाशी खातात हे माहीत असणारा दुसरा माणूस नाही. आंतरराष्ट्रीय सामना लागला की मामा टीव्हीसमोर बसून एकेक नियम मोठ्यानं समजावतात. मामी गेल्यापासून ऐकायला फक्त टेबलफॅन असतो. तो निदान मान तरी हलवतो.

दुसरं वेड क्रॉस कंट्रीचं. स्वतः पळायचं म्हटलं तर गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेत. पण दरवर्षी मागच्या टेकडीवर शर्यत होते, तेव्हा जिथे दोन वाटा फुटतात तिथे लाल झेंडी घेऊन उभं राहायचं आणि धावणाऱ्यांना डावीकडे वळवायचं, हे काम मामांचं. सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक पळतो, त्याला 'शेपूट' म्हणतात. शेपूट गेलं की झेंडी गुंडाळायची, असा नियम.

सहा वर्षांपूर्वी मामांच्या मुलीनं गुपचूप नाव दिलं. बाबांना झेंडीपाशीच चकित करायचं होतं. वाटेत पोटरीत गोळा आला म्हणून ती झुडपाआड बसली आणि शेपूट तिला न बघता पुढे गेलं. मामांनी नियमाप्रमाणे झेंडी गुंडाळली आणि घाईनं घर गाठलं, कारण सामना सुरू व्हायचा होता. ती आली तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. ती उजवीकडे वळली, खाणीकडे भरकटली, घोटा मुरगळून संध्याकाळी लंगडत घरी पोचली. मामा टीव्हीसमोर होते. ती एक शब्द बोलली नाही; काय झालं ते मामांना नंतर माझ्याकडून कळलं. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मामा अजून म्हणतात. पुढे नोकरीनिमित्त ती दुसऱ्या शहरात गेली. फोन येतो, पण 'जेवलात का' एवढ्यापुरता.

तेव्हापासून शेपूट गेल्यावरही मामा दोन तास तिथेच उभे असतात. पुढच्या वर्षीच्या शर्यतीची वाट बघताय का, असं लोक विचारतात. यंदा मी सोबत गेले आणि तासाभरात वैतागले. सरळ म्हटलं, मागे कुणी नाही, चला आता, तुमचा सामना बुडतोय.

मामा वाटेकडेच बघत होते. "रग्बीत माणूस पडला ना, की त्याचीच माणसं धावत येऊन त्याच्यावर ढाल होऊन उभी राहतात. इथे पडला तर आधी कुणाला कळायला तर हवं."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. मामांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू असतो. टीव्हीचा आवाज कसा नाही, तिनं विचारलं. टेकडीवर आहे, मामा म्हणाले. शेपूट गेलं का, तिनं विचारलं. गेलं, तास झाला.

मग ती म्हणाली,

"बाबा, मी त्याच संध्याकाळी घरी पोचले. तुम्हीच अजून तिथे आहात."

मामांनी झेंडीची काठी या हातातून त्या हातात घेतली. सहा वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं, "घोटा दुखतो का गं अजून?"

"थंडीत दुखतो," ती म्हणाली. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

मामांनी झेंडी गुंडाळली. उतारावर मी हात पुढे केला तर नको म्हणाले. घरी आलो तेव्हा सामन्याचा उत्तरार्ध चालू होता. मी चहा करून दिला आणि चपला घालायला दाराशी आले. आत मामांचं बोलणं सुरू झालं होतं. नेहमीप्रमाणे नियम समजावत असतील असं वाटलं, म्हणून डोकावले. टीव्हीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. फॅनकडे तोंड करून ते सांगत होते, "थंडीत दुखतो म्हणाली."