तक्तेवाल्यांची पेशी

शाळांच्या भिंतींवर टांगायचे तक्ते रंगवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना सगळे तक्तेवालेच म्हणत. जाड कापड, वर-खाली लाकडी दांडी आणि मधे चित्र. कानाचा आडवा छेद, फुलाचा उभा छेद, पृथ्वीचं पोट, असं काय वाट्टेल ते ते काढत, पण खरा हातखंडा पेशीचा. शाळा कुठलीही असो, मास्तर म्हणायचे, "पेशी मात्र तुमचीच हवी." एक गुबगुबीत वाकडातिकडा गोल, त्यात जरा कडेला सरकलेलं जांभळं केंद्रक, चपलेच्या तळव्यासारख्या नारिंगी तंतुकणिका, आणि पदराच्या चुण्या पडाव्यात तशी हिरवट जालिका. झोपेतून उठवून सांगितलं असतं तरी काढली असती त्यांनी.

यातलं कोण काय करतं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. कधी विचारावंसंही वाटलं नाही. नावं घालायचं काम बायकोचं. टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला ती, मधे कापड. तिचं अक्षर असं की लोकांना छापलेलं वाटावं. कुणी काही विचारलं तर ते हसून म्हणत, "आपण रंगाचे धनी. नावं घरातून येतात."

मग थोड्याशा दुखण्याचं निमित्त झालं आणि ती गेली.

त्यानंतर त्यांनी एकच पेशी काढली. रंग भरले, रेघा बाहेर ओढल्या, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाशी येऊन हात थांबला. त्यांचं स्वतःचं अक्षर म्हणजे मुंगीनं शाईत पाय बुडवून चालावं तसं. रेघांच्या पुढे कोरं कापड तसंच राहिलं. तक्ता गुंडाळून त्यांनी कपाटामागे सारला. तसंही शाळांतून आता पडदे आले होते, त्यावर पेशी हलायची, बोलायची. तक्ते मागायला कोण येणार?

दिवस रिकामे झाले. चहा टाकला की पाणी हमखास दोन कपांचं पडायचं, आणि उरलेला चहा मोरीत ओतताना दर वेळी चूक नव्यानं कळायची. मुलगा दूर नोकरीला. सुट्टीच्या दिवशी त्याचा फोन यायचा.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"बरं आहे ना सगळं?"

"बरंच आहे की."

एवढ्यावर दोघांचंही बोलणं संपायचं. मग कुणी तरी "चल, ठेवतो" म्हणायचं, आणि त्यात सुटका झाल्याचा सूर यायचा, तो दोघांनाही ऐकू यायचा. गरज नसताना तक्तेवाले कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात जात आणि एखादा स्क्रू मागत. दुकानदार विचारायचा, "कशाला हवा?" ते सांगत बसत. दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं.

अशात एका दुपारी फोन वाजला. बाईमाणसाचा आवाज होता. "तुम्ही पेशी काढता असं कळलं."

"काढायचो. आता नावं घालायला कुणी नाही हो."

"नावं नकोच आहेत. चित्रही नको. मी अंध मुलांच्या शाळेत शास्त्र शिकवते, आणि मलाही दिसत नाही. हाताला कळेल अशी पेशी हवी आहे."

नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते, "केवढी करू?"

जीव ओतून त्यांनी काम केलं. प्लास्टरची पेशी केली, परातीएवढी. घासून घासून गुळगुळीत केली, आणि सवयीनं सगळे रंगही दिले. जांभळा तर असा साधला की त्यांचा त्यांनाच अभिमान वाटला. मग चादरीत बांधून, बसमध्ये मांडीवर घेऊन ते शाळेत गेले.

शास्त्राच्या बाई पन्नाशीच्या असतील. केस आखूड, हात मोठे. त्यांनी पेशीवरून बोटं फिरवली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"रंग दिलेत का हो?"

"दिलेत ना."

"तरीच. वास येतोय." बाई हसल्या. "राग मानू नका. पण मला हे सगळे बटाटे लागतायत. लहान बटाटा, लांबट बटाटा, मोठा बटाटा."

तक्तेवाल्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "बाई, पेशी अशीच असते. आयुष्य गेलंय माझं यात."

"असेल. मग मला सांगा," बाईंनी एका तंतुकणिकेवर बोट टेकलं, "ही काय करते?"

तक्तेवाल्यांनी बराच विचार केला. "ती... नारिंगी असते," ते म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि त्यांनाही बसायला सांगितलं. मग मुलांना सांगावं तसं नाही, तर शेजाऱ्याला घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी तसं सांगू लागल्या. केंद्रकात एक लांबच लांब गुंतलेला धागा असतो, आणि काय करायचं, कसं करायचं ते सगळं त्या धाग्यात असतं. पण केंद्रक बंद पेटी नव्हे, त्याला भोकं असतात, नाहीतर निरोप बाहेर कसा जायचा? त्या निरोपाबरहुकूम जालिकेच्या घड्यांवर बसलेले बारीक दाणे प्रथिनं तयार करतात. मग गॉल्जी नावाची चपट्या चकत्यांची चवड असते, तिच्यात त्यांची बांधाबांध होते, ज्याचं त्याला पोचतं करायला. तंतुकणिकेत अन्नातून ताकद काढली जाते, म्हणून तिच्या आत चुण्याच चुण्या असतात. जितक्या चुण्या तितकी कामाला जागा जास्त. मोडकंतोडकं विरघळवून टाकायला वेगळ्या पिशव्या. "आणि हे बाहेरचं तुम्ही कवचासारखं टणक केलंत, ते तर साफ चुकलं. पटल मऊ असतं. पातळ असतं. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, कुणाला बाहेर सोडायचं, हे सगळं तिथे ठरतं. दार लावून बसली तर पेशी मरेल हो."

तक्तेवाले मान खाली घालून ऐकत होते. कितीतरी शाळांच्या भिंतींवर त्यांची पेशी टांगली होती, आणि त्यांची तिची ओळख आज होत होती.

"पुन्हा करतो," ते म्हणाले.

"करा. आणि असं करा, डोळे मिटून करा."

घरी आल्यावर त्यांनी बायकोचं शिवणाचं कपाट उघडलं. ती गेल्यापासून त्याला हात लावला नव्हता. चिंध्या, रेशमाचे तुकडे, मखमल, डबाभर मणी. डोळे मिटून ते एकेक वस्तू चाचपत बसले. मखमलीच्या चुण्या घालून तंतुकणिकांचं अस्तर झालं. दुहेरी पट्टीवर बारीक मणी टाचले, ते जालिकेवरचे दाणे. मऊ पुठ्ठ्याच्या चकत्या कापडात शिवून एकावर एक रचल्या. छोट्या पिशव्यांत वाळू भरली. पटलासाठी पातळ ताणाचं कापड दुहेरी घेतलं आणि त्याला जागोजागी काजं केली, बारीक मणी जाईल पण मोठा अडेल अशी. शिवणकाम त्यांना येत नव्हतं. सुई बोटात घुसली की तोंडातून आपोआप निघायचं, "अगं, हे कसं..." आणि मग खोलीत कुणी नाही हे लक्षात यायचं.

केंद्रकातला धागा अडला. साधी लोकर फार सरळ वाटत होती. कपाटाच्या तळाशी एक स्वेटर सापडला, पाठ पुरी झालेली, बाही अर्धी. कुणासाठी विणत होती, तिनं कधी सांगितलं नव्हतं. कितीतरी वेळ ते तो मांडीवर घेऊन बसून राहिले. शेवटी टोक शोधलं आणि ओढलं. ओळीमागून ओळ सुटत गेली. उसवलेल्या लोकरीत टाक्यांची वळणं तशीच राहिली होती, कुरळ्या केसांसारखी. धागा संपला तेव्हा त्यांच्या पायाशी मोठा ढीग झाला होता, आणि ते रडत होते.

नवी पेशी मोठ्या उशीएवढी झाली. बाईंनी पटलाला ठेवलेल्या फटीतून आत हात घातला आणि पहिल्यांदा त्यांना धागाच लागला. "अगदी असाच वळलेला असतो," त्या हळूच म्हणाल्या. "कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचलं," तक्तेवाले म्हणाले.

वर्गात मुलांनी पेशीचा ताबाच घेतला. कुणी मणी मोजत होतं, कुणी काजातून बोट घालून बघत होतं, दोघं वाळूच्या पिशवीवरून भांडत होते. एका मुलीनं पटलावरून सगळीकडून हात फिरवला आणि पेशीच्या बाजूची मोकळी जागा चाचपली. "हिच्या शेजारी कुणी नाही?"

"काही जीव एकाच पेशीचे असतात," बाई म्हणाल्या. "पण आपल्या अंगात एकीला लागून दुसरी असते. एकमेकींना निरोप देत राहतात."

"मग काका, तुम्ही कुणाबरोबर राहता?"

"मी? एकटाच."

"मग निरोप कुणाला देता?"

बाईंनी तिला दटावलं. तक्तेवाले म्हणाले, "अहो, असू दे." पण परत येताना बसच्या खिडकीशी तोच प्रश्न त्यांच्याबरोबर बसून आला.

पुन्हा रिकामे दिवस सुरू झाले. ते आधीपेक्षा जड होते, कारण मधे काही दिवस भरलेले होते. मुलाला फोनवर त्यांनी सांगितलं, "पेशी शिवली." तो म्हणाला, "काय शिवलं?" त्यांनी तंतुकणिकेच्या चुण्यांपासून सांगायला सुरुवात केली. पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो म्हणाला, "बाबा, नंतर करतो." त्या दिवशी काही केला नाही.

काही आठवड्यांनी बाईंचा फोन आला. आवाज ओशाळलेला होता. "पटल फाटलं हो. पोरांनी एवढी हाताळली की सगळं पोटातलं बाहेर आलंय. याल का?"

तक्तेवाल्यांनी फोन ठेवायच्या आधीच चपला शोधायला सुरुवात केली.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसून त्यांनी पेशी मांडीवर घेतली. मधली सुट्टी होती. मुलं भिंतीला हात लावत पळत होती, तक्तेवाल्यांना चुकवत होती, कुणी तरी येऊन खांद्यावर हात ठेवून विचारत होतं, "काका, झाली का?" आणि उत्तर न ऐकताच जात होतं. ते सावकाश टाके घालत होते. जे काम झटक्यात उरकलं असतं, त्याला त्यांनी शाळा सुटेपर्यंत वेळ लावला.

शेवटी बाई शेजारी येऊन बसल्या आणि शिवणीवरून बोट फिरवू लागल्या. एका जागी बोट थांबलं. मग आणखी एका जागी.

"टाके सैल पडलेत हो इथे."

तक्तेवाले सुईत उरलेला दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"महिनाभर टिकेल फार तर," बाई म्हणाल्या.

"हो. तेवढीच टिकेल."

बाईंनी बोट शिवणीवर तसंच राहू दिलं. "बरं," त्या म्हणाल्या, "मग मी फोन करीन."