मुंगळ्यांच्या सात राण्या

तोंडात विडा असेल तर आधी थुंकून या, मग ऐका. माझ्या हुशारीची गोष्ट आहे. ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही!

सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि इकडे अमरावतीत कापसाला असा भाव चढला होता की गाडीवानसुद्धा जरीचा फेटा बांधून यायचे. मी अंजनगावचा माळी. पानमळा भावावर सोपवला आणि इथे एका कापूसवाल्याकडे तोलारी झालो, म्हणजे काटा धरून कापूस तोलणारा. परक्या गावात पहिल्या दिवशी मला ताट वाढलं ते मालकाच्या आईनं. तिला सगळे मोठीमाय म्हणायचे. ते ताट मी जन्मभर विसरणार नाही.

मोठीमायचा एक नेम होता. मुंगळ्यांना पीठसाखर घातल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही. पण मालकानं नवं घर बांधलं, सगळीकडे चुना आणि फरशी. घरात मुंगळा औषधालाही नाही! म्हातारीचे गुडघे गेलेले. म्हणून रोज सकाळी आम्ही तोलारी तिला बाजेवर बसवून आवाराच्या टोकाला निंबाखाली न्यायचो. तिथे मुंगळ्यांचं मोठं बीळ होतं.

आणि एक दिवस मालकानं सांगितलं, गाड्यांना जागा पुरत नाही, दसऱ्याला निंब तोडायचा.

"मंग म्या जेवाचं कसं?" मोठीमायनं विचारलं.

मालक हिशेबाची वही चाळू लागला. मी मात्र छाती पुढे काढली. "मोठीमाय, तुमच्या आंगनातच मुंगळ्यांचं घर वसवून देतो!"

"तुले जमते का रे?"

"त्याच्यात काय हाय?"

काय हाय! ऐका आता.

नुसते मुंगळे आणून सोडले तर संध्याकाळपर्यंत पसार होतात, एवढं मला ठाऊक होतं. राणी हवी. आषाढात पंखवाले मुंगळे उडतात, आणि त्यानंतर पंख झाडून जी एकटीच जागा शोधत फिरते, ती राणी. मी चिखलात रांगून अशा सात धरल्या. चांगल्या टपोऱ्या! सात गाडगी घेतली, तळाला ओली माती, तोंडाला फडकं. सहा माझ्या खोलीत ठेवली. "एक माह्याजवळ राहू दे," म्हणून सातवं मोठीमायनं मागून घेतलं.

आठवड्याभरात माझ्या सहाही जणींनी अंडी घातली. मी असा हरखलो! सकाळ, दुपार, संध्याकाळ फडकं सोडून पाहायचो. साखर घालायचो, गुळाचं पाणी घालायचो, काडीनं अंडी मोजायचो.

एके सकाळी पहिल्या गाडग्यातली अंडी गायब. राणीनंच खाल्ली होती! मी म्हटलं, बिचारी उपाशी असणार. दुप्पट साखर घातली. साखरेला बुरशी आली आणि राणी गेली. दुसरीला गारठा बाधत असेल म्हणून गाडगं चुलीशी ठेवलं. ती भाजून निघाली. तिसरी आणि चौथी एकट्या कंटाळत असतील म्हणून एकाच गाडग्यात घातल्या, तर त्यांनी एकमेकींचे पाय तोडले! पाचवीची मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. सहावीचं मी काय केलं ते कृपा करून विचारू नका.

पोळ्याच्या आधी रिकामी गाडगी घेऊन मी मोठीमायसमोर उभा राहिलो.

"सहाच्या सहा मेल्या. एवढी सेवा केली, तरी! तुमच्या सातवीले तुमी काय चारून राहिल्या?"

"काईच नाई."

"मंग रोज पाहून तरी राहिल्या ना?"

"काहून पाहू? बाजेखाली अंधारात ठेवलं, तवापासून हात नाई लावला."

संपलं! मी कपाळावर हात मारला, गाडगं बाहेर ओढलं आणि फडकं सोडलं. आत राणीभोवती पाचसहा चिमुकले मुंगळे तुरुतुरु फिरत होते.

मोठीमाय पोट धरून हसली. "अरे बैताडा, बाळंतीन बाईले अंधाऱ्या खोलीत निजू देतेत. दिवसातून तीनदा तिचं दार उघडून कोनी पोरं मोजते काय?"

दसऱ्याला निंब पडला. त्या सकाळी अंगणातली एक फरशी उचलून आम्ही ते गाडगं मातीत बसवलं. मोठीमायनं चिमूटभर पीठसाखर ठेवली. एक मुंगळा आला, मग दुसरा. मग ती जेवली, आणि पहिला घास तिनं मला भरवला. मालकाला म्हणाली, "या पोरानं माहा नेम राखला." सहा राण्यांबद्दल एक अक्षर नाही! मला रडूच फुटलं. अशी माणसं भेटली म्हणून तर मी या गावात टिकलो.

पुढच्या वर्षी माझी बायको मूर्तिजापूरला माहेरी बाळंत झाली. मुलगा! मी धावतपळत गेलो, तर सासरेबुवा दारात आडवे.

"इथंच बसा, जावईबापू. मोठीमायचा निरोप आला हाय. सव्वा महिना तुमाले आत सोडाचं नाई."

"काहून?"

"तुमच्या हाताखाली सहा बाळंतिनी गेल्या म्हनते!"