मांडीवरचे बूट

मॅचच्या आधी सर आमच्या मांड्यांवर बूट घालून उभे राहायचे. वर्तकनगरच्या मैदानात आम्ही पोरी ओळीने बसायचो, दोन्ही तळवे एकमेकांना चिकटवून, गुडघे बाजूला फाकवून. जिचे गुडघे जमिनीला टेकत नसत, तिच्यावर सर चढायचे आणि आकडे मोजायचे. कुणी ओरडलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. "पापडाचं पीठसुद्धा कुटल्यावरच मऊ होतं," म्हणायचे. फुटबॉल शिकवायला लागण्याआधी ते कराटेचा क्लास घ्यायचे. शरीर कुटायचं असतं, एवढंच त्यांना त्याबद्दल ठाऊक होतं.

मी नववीत होते, दिव्याहून लोकलने यायचे. आईला वाटायचं, सर म्हणजे देवमाणूस. दिव्याच्या पोरीला ठाण्याच्या टीममध्ये घेतलं, जिल्ह्याच्या निवडीला पाठवणार, अजून काय पाहिजे! मलाही तेच हवं होतं. जिल्ह्याच्या संघासाठी मी मांड्याच काय, मानसुद्धा दिली असती.

गंमत म्हणजे एवढं कुटून घेऊन आम्ही मैदानात उतरायचो ते पाय ओढतच. पहिली काही मिनिटं पाय आपले वाटायचेच नाहीत. चेंडू समोरून जायचा आणि आम्ही बघत राहायचो. आळशी आहात, असं म्हणून सर पुढच्या वेळी जास्त वेळ उभे राहायचे.

मग कल्याणची एक टीम आली. त्या पोरी खाली बसल्याच नाहीत. पाय पुढे-मागे झुलवत होत्या, गुडघे छातीपर्यंत उचलत चालत होत्या, आडव्या धावत होत्या. "नाचायला आल्यात," सर मोठ्याने म्हणाले आणि आम्ही लाचारासारख्या हसलो. आमचे पाय जागे व्हायच्या आत त्यांनी आम्हाला धुऊन काढलं. मॅच संपल्यावर त्या बसल्या आणि तेव्हा कुठे पाय ताणून धरले, सावकाश, गप्पा मारत. त्यांची कोच एक ताई होती. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, आधी पाय हलवायचे, गरम करायचे. धरून ठेवायचं ते नंतर. आणि दुखेपर्यंत तर कधीच नाही."

तेव्हापासून मी आणि आमची गोलकीपर, माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, पंपाच्या खोलीमागे लपून पाय झुलवायला लागलो. पहिल्या मिनिटापासून पळता यायला लागलं. निवडीच्या दिवशी सरांनी पकडलं.

त्यांनी काही विचारलं नाही. मैत्रिणीला केसांना धरून ओढत आणलं, भिंतीला पाठ लावून बसवलं, पाय फाकवले आणि बुटांनी तिचे दोन्ही घोटे मागे भिंतीकडे रेटले. जुनी चादर फाटावी तसा आवाज आला. ती ओरडली नाही. तोंड उघडं ठेवून नुसती बघत राहिली.

"आता तू," सर मला म्हणाले.

बाकीच्यांवर नजर ठेवायला ते माझ्याकडे पाठ करून मांड्यांवर चढले. मला पुढे वाकायचं होतं. वाकले, तोंडासमोर त्यांची पोटरी आली, आणि मी चावले. मोज्यातून दात आत गेले, रक्ताची चव आली, तरी सोडलं नाही. ते किंचाळत माझ्या डोक्यात बुक्के घालत होते. मला फार बरं वाटत होतं. आजही आठवलं की बरं वाटतं. डबा घेऊन आलेली आई गेटवरून धावत आली, मला मागे खेचलं आणि सगळ्यांदेखत मुस्काटात दिली. "सरांना चावतेस? कुत्री आहेस का?"

घरी अर्ध्या बादली पाण्यात पायांवरची लाल माती धुतल्यावर तिला माझ्या मांड्या दिसल्या. जुने पिवळे डाग, त्यांच्यावर नवे निळे. बुटाच्या तळाची नक्षीसुद्धा ओळखू येत होती.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"बसवतात कसं? दाखव."

मी बसून दाखवलं. पिठासारखं मऊ करतात, तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन मैदानात गेली. सरांच्या पोटरीला पट्टी होती, भोवती पोरींचे आईबाप जमले होते. सगळ्यांना वाटलं, बाई माफी मागायला आली. आई सरांसमोर लाल मातीत बसली, साडी सावरून तळवे जुळवले आणि गुडघे फाकवले.

"उभे राहा सर," ती म्हणाली. "बुटासकट. मला पण मऊ करा."

"ताई, उठा. काय हे!"

"उभे राहा म्हणते ना! माझ्या पोरीवर राहायचात तसे!"

सर मागे सरकले. एका बापाने आपल्या मुलीला विचारलं, "तुझ्यावर पण?" तिने मान डोलावली, आणि त्याने सरांची कॉलर धरली. मग बाकीचेही तुटून पडले. पट्टी सुटून मातीत लोळत होती. सरांना सोडवायला जावंसं मला वाटलं नाही.

जिल्ह्याच्या संघात माझं नाव आलं नाही. माझी मैत्रीण पुन्हा कधी गोलमध्ये उभी राहिली नाही.

त्या गोंधळात आई मात्र होती तशीच बसलेली. "इकडे ये गं," म्हणाली. "पाय मिटत नाहीयेत." मी तिच्यासमोर बसले आणि तिचा एकेक गुडघा दोन्ही हातांनी सावकाश जवळ आणला.