उतारावरचा धान

तळ्याकाठचं जुनं देऊळ पाहायला लांबून माणसं यायची. त्याच गावची शकुन मात्र पायऱ्यांपाशी अडायची. लहानपणीच पोलिओनं तिचे पाय गेले होते. थोरला भाऊ आसाराम तिला पाठीवर घेऊन चढायचा, पण पोत्यासारखं वर जायची तिला भारी चीड यायची. शिवाय तो दमला की लगेच खाली उतरायचं. खांबांवरचं कोरीवकाम तिला कधी डोळे भरून पाहताच आलं नाही. मग तिनं लाखांदूरच्या कचेरीत खेटे घालून साहेबांना भंडावून सोडलं, आणि अखेर पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार झाला.

पहिल्याच सकाळी ती नवं लुगडं नेसून, चाकांच्या खुर्चीत बसून, चाकं फिरवत आली. पाहते तर उतारभर धान वाळत घातलेला! अशी कोरी, उन्हातली जागा गावात कोण सोडतो? आणि राखणीला बसला होता खुद्द आसाराम.

"काहून गा भाऊ, इथंच पसरवलास?"

तो ओशाळला. सवयीनं तिच्यापुढं पाठ वाकवून बसला. "चाल बाई, मी नेतो न तुले उचलून."

शकुननं चाकं घट्ट धरली.

"मले नको उचलू. धान उचल."