आरती आणि अपडेट

कापराचा वास आला की जर्मनीतल्या एर्लांगेनमधली ती गणपतीची आरती आठवते. टीव्हीच्या नव्या स्मार्ट बॉक्सवर गाणी-आरत्या सगळंच लागतं, म्हणून नवऱ्याने आरतीची सीडी लावायचा जुना प्लेअर, तिथल्या रीतीप्रमाणे, कुणीही फुकट न्यावा म्हणून फुटपाथवर ठेवून दिला होता. तेव्हापासून पुण्याहून आलेल्या सासूबाई त्याच्याशी बोलत नव्हत्या. मी कापूर पेटवला आणि नेमका तेव्हाच बॉक्स अपडेट व्हायला लागला. नवरा घामाघूम होऊन रिमोट दाबत राहिला. ‘‘रेकॉर्डिंगशिवाय मला येत नाही गं,’’ तो पुटपुटला. तबकातला कापूर संपत आला, तशी सासूबाईंनी टाळ्यांचा ठेका धरला आणि खणखणीत आवाजात आरती सुरू केली. दुसऱ्या ओळीला थांबून त्याच्याकडे वळल्या, ‘‘उभा काय राहिलास? म्हण!’’ त्याने बेसूर, पण सगळी कडवी म्हटली. बॉक्स अजून आहे. आरतीआधी त्याचा प्लग मीच काढते.